तबकडी उलटते ती जागा

साखरेच्या भांड्याचं झाकण माझ्या हातून निसटलं आणि टिंग करून वाजलं.

दुसऱ्या कुठल्या घरात कुणी मान वर केली नसती. आमच्या दिवाणखान्यात मात्र रविवार मंडळाची सगळी डोकी एकदम माझ्याकडे वळली. माझे सासरे ग्रामोफोनपाशी उभे होते. एका हातात लाखेची काळी तबकडी, दुसऱ्या हातात मऊ केसांचा ब्रश, आणि तो ब्रश वर उचललेला. त्यांनी डोळे मिटले. रागावले की ते असेच डोळे मिटून घेतात. पुन्हा उघडेपर्यंत समोरच्या माणसानं आपण होऊन नाहीसं व्हावं, अशी त्यांची अपेक्षा असते.

"थेक्ला," ते म्हणाले, "हाही संगीताचाच भाग आहे."

"झाकण, पपा?"

"शांतता."

मी झाकण उचललं आणि स्वयंपाकघरात नाहीशी झाले. पाठीमागे पोकोर्नीबाई पुटपुटल्या, "आजकालच्या मुली!" आणि प्रोफेसर वेसेली त्यांना म्हणाले, "श्श्!"

मी मोडली ती शांतता साधीसुधी नव्हती. लाखेची जुनी तबकडी एका बाजूला जेमतेम चार मिनिटं वाजते. दोनशे वर्षांपूर्वीच्या हायडनला हे कुणी आधी कळवलेलं नव्हतं, त्यामुळे त्याचं संगीत ऐन मध्यावर तुटतं. बोलता बोलता माणसानं उठून पाणी प्यायला जावं आणि परत येऊन 'तर काय सांगत होतो' म्हणावं, तसं. मग पपा खुर्चीतून उठतात, सुई उचलतात, तबकडी उलटतात. सुई उचलल्यापासून ब्रश वर जाईपर्यंत मंडळाला खोकायची मुभा असते. तेवढ्यात घसा खाकरायचा, मांडी बदलायची, पर्समधली पेपरमिंटची गोळी तोंडात टाकायची. पपांनी तबकडीवरची धूळ झटकायला ब्रश वर उचलला की सगळं बंद. मग श्वाससुद्धा नाकानं आणि बेताबेतानं. महायुद्ध संपल्यापासून हे असंच चाललं आहे. व्हिएन्नातली माणसं चर्चमध्ये प्रवचनाला डुलक्या काढतात, पण आमच्या दिवाणखान्यात कुणी डुलकी काढलेली मी पाहिली नाही.

पपा म्हणजे होफ्राट एगॉन ट्राउनफेल्नर. मंत्रालयात मालगाड्यांचे दर ठरवण्यात त्यांची हयात गेली. त्याबद्दल सरकारनं त्यांना होफ्राट ही मानाची पदवी दिली, आणि त्या दिवसापासून त्यांचं पहिलं नाव कुणी घेतलेलं नाही. प्रोफेसर वेसेली पोटाच्या विकारांचे मोठे डॉक्टर. संगीत ऐकतानाही त्यांचा चेहरा रोग्याचं पोट दाबून पाहत असल्यासारखा असतो. पोकोर्नीबाईंच्या यजमानांचा बटणांचा कारखाना होता. यजमान गेले, कारखाना गेला, पण सरकारनं यजमानांना दिलेली पदवी बाईंनी जाऊ दिली नाही. कुणी त्यांना नुसतं पोकोर्नीबाई म्हटलं तर त्यांना ऐकू येत नाही. मी मनातल्या मनात तसंच म्हणते.

या मंडळींना जिवंत माणसाचं वाजवणं सहन होत नाही. गावात एखादी नवी चौकडी आली, म्हणजे दोन व्हायोलिन, त्यांची जाड आवाजाची थोरली बहीण व्हिओला आणि गुडघ्यांत धरायचा चेलो घेऊन चार माणसं वाजवायला बसली, की हे सगळे चांगले कपडे घालून ऐकायला जातात आणि तोंड कडू करून परत येतात. "हात आहेत, कान नाहीत," प्रोफेसर म्हणतात. "सूप आहे, मीठ नाही," पोकोर्नीबाई म्हणतात. पपा काहीच म्हणत नाहीत. ते घरी येऊन मालेत्स्की चौकडीची तबकडी लावतात. मालेत्स्की म्हणजे महायुद्धाआधीचे. त्यांच्या पुढे कुणी नाही आणि मागेही कुणी होणार नाही, हा आमच्या घराचा कायदा. तो या दिवाणखान्यात अजून कुणी मोडलेला नव्हता.

आणि याच घरात मी व्हिओला वाजवते.

वाजवते म्हणजे फळीघरात, बरण्या-पोत्यांच्या कोठीत वाजवते. दुपारी घरमालकाच्या नियमाप्रमाणे आवाज करायचा नाही, सकाळी पपा वाचतात, संध्याकाळी ऐकतात. उरलेल्या वेळात मी जर्दाळूच्या मुरंब्याच्या बरण्यांमध्ये उभी राहते. वाद्याच्या घोडीवर आवाज दाबणारा चाप लावते, म्हणजे व्हिओला सर्दी झाल्यासारखी नाकातून बोलते. माझा तान्हा सेवेरिन टोपलीत झोपलेला असतो. हातातल्या कमानीच्या, म्हणजे गजाच्या, लयीत त्याचे ओठ झोपेतच दूध ओढल्यासारखे हलतात, आणि ते बघताना माझा एखादा सूर चुकतो. वाली माझ्या पायाशी बटाट्यांच्या पोत्यावर बसते, बाहुलीला बटाटे विकते आणि मध्येच वर बघून म्हणते, "आई, हे तू मघाशी छान वाजवलं होतंस." पाच वर्षांच्या मुलीकडून एवढं ऐकलं की मला दिवसभर पुरतं. माझा नवरा रूपर्ट म्हणतो, "बघ ना, पपांनी फळीघर तरी दिलं." रूपर्टला सगळ्यांची बाजू कळते. त्यामुळे तो कुणाच्याच बाजूला नसतो.

खरं सांगायचं तर त्या जुन्या तबकड्या मलाही आवडतात. मंगळवारी पपा कॉफीहाउसमध्ये पेपर वाचायला गेले की मी दिवाणखान्याची धूळ पुसते. ग्रामोफोनला हात लावायची मला परवानगी नाही. म्हणून आधी त्याचीच धूळ पुसते, आणि मग मालेत्स्कींची तिसरी बाजू, म्हणजे दुसऱ्या तबकडीची पहिली, लावते. आधी नुसती चरचर, तव्यावर पाण्याचे थेंब शिंपडावेत तशी. मग त्या चरचरीच्या मागे कुठली तरी थंड खोली आणि खोलीत चार माणसं. एकाची खुर्ची करकरते. कुणीतरी श्वास घेतं. तो श्वास व्हिओलावाल्याचा, फेलिक्स ओर्नश्टाइनचा. कारण पुढची धून त्याची आहे. ती सुरू करताना तो खालच्या सुरावरून वरच्या सुरावर उडी मारत नाही, मींड घेत जातो. आम्हाला संगीतशाळेत असल्या मींडा घासून घासून काढून टाकायला शिकवलं. बाहीवरचा रश्शाचा डाग म्हणायचे आमचे गुरुजी तिला. पण ओर्नश्टाइन ती अशी घेतो, जशी झोपलेल्या बाळाच्या गालावरून बोटाची मागची बाजू फिरवावी. बाळ जागं होऊ नये, पण हात लावल्यावाचून राहवत नाही, तसं. फळीघरात मी ती मींड कित्येक आठवडे शोधत होते. एके दिवशी ती माझ्या बोटात आली. वाली बटाटा हातात धरून म्हणाली, "हे कोण वाजवतंय?"

अडतीस साली, नाझी गावात आले त्याच वर्षी, मालेत्स्की चौकडी फुटली. आमच्या घरात 'फुटली' असंच म्हणतात, जशी बशी फुटते. कुणी फोडली हे विचारायची रीत नाही. लग्न होऊन आले तेव्हा मी एकदा विचारलं होतं, "ओर्नश्टाइनचं पुढं काय झालं, पपा?" पपा तबकडी पाकिटात सरकवत म्हणाले, "त्यांनी वाजवणं थांबवलं."

*

रविवार मंडळाचा गावातल्या योझेफश्टाट भागात एक छोटा हॉल आहे. पूर्वी तिथे नाच शिकवायचे. एका सभासदानं मरताना तो मंडळाला दिला, आणि अट घातली की हिवाळ्यात तिथे संगीत व्हायला हवं. म्हणून दर हिवाळ्यात मंडळ तो एखाद्या तरुण चौकडीला देतं, आणि तिला नावं ठेवायला पुढच्या रांगेत बसतं. नेहमीची चौकडी या वर्षी म्युनिकला निघून गेली. हॉल रिकामा होता.

आमचीही एक चौकडी होती. चारही बायका. पहिलं व्हायोलिन डागमार, दुसरं लोरं, व्हिओला मी आणि चेलो रोमाना. आम्ही चर्चच्या तळघरात वाजवलं होतं, शाळेत वाजवलं होतं, आणि एका लग्नात वाजवलं होतं, जिथे आमच्या सर्वांत हळुवार जागी वाढप्यानं सूप वाढायला घेतलं. एक हिवाळाभर स्वतःचा हॉल मिळाला असता तर लोकांनी आम्हाला नावानं ओळखलं असतं. आणि तो मिळाला नसता तर रोमाना गेली असती. ग्राझच्या नाटकघरातल्या वाद्यवृंदानं तिला कायमची नोकरी देऊ केली होती.

"हॉल मिळाला तर मी राहते, थेक्ला," ती म्हणाली. "नाही मिळाला तर ग्राझ. माझी आई शेजाऱ्यांना माझं नावसुद्धा सांगत नाही आता. 'आमची चेलोवाली' म्हणते. जशी भाजीवाली."

रोमाना गेली की चौकडी संपली. नवी चेलोवाली शोधून, तिच्याबरोबर श्वास जुळवून, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला डागमारकडे उमेद नव्हती आणि माझ्याकडे वेळ नव्हता. मग मी कायमची फळीघरातच वाजवत राहिले असते. म्हणून एका सकाळी पपांच्या कॉफीवर नेहमीपेक्षा जास्त साय घालून मी विचारलं.

"तुमची चौकडी?" पपा म्हणाले. "अजून आहे?"

"आहे, पपा."

"मला वाटलं, मुलं झाली." त्यांनी साय चमच्यानं बाजूला केली. "ठीक. मंडळ ऐकेल. रविवारी, इथेच. मालेत्स्की वाजवतात तेच वाजवा. म्हणजे तुलना सोपी."

डागमारला सांगितलं तर ती जोरात हसली. "म्हणजे मेलेल्या माणसाशी शर्यत! तो दमत नाही, त्याला सर्दी होत नाही, त्याची तार तुटत नाही. आणि बायकोही त्याला हाक मारत नाही."

"पण खुर्ची करकरते त्याची," मी म्हटलं.

मी त्यांना मींड वाजवून दाखवली. लोरं म्हणाली, "बाई गं, हे चालतं का?" डागमारनं मात्र कमान खाली ठेवली. "असंच वाजव," ती म्हणाली. "त्या म्हाताऱ्यांनी जन्मभर हेच ऐकलंय. एकाला तरी ओळखू येईल. एकाच्या तरी डोळ्यांत पाणी येईल."

मी त्या भाबड्या आशेवर केक भाजला.

*

रविवारी मंडळी आली. प्रोफेसर वेसेली वाकून चारही जणींना म्हणाले, "हात चुंबतो, बाईसाहेब." आमच्या हातांत वाद्यं होती, त्यामुळे त्यांना ते हवेतच चुंबावं लागलं. पोकोर्नीबाईंनी रोमानाच्या चेलोकडे आणि मग तिच्या गुडघ्यांकडे बघितलं. "माझ्या लहानपणी बायका हे वाद्य वाजवत नसत," त्या म्हणाल्या. रोमाना म्हणाली, "माझ्या लहानपणी मीही वाजवत नव्हते."

सेवेरिनला मी घाईघाईनं पाजलं होतं. रूपर्ट त्याला घेऊन मागच्या खोलीत गेला. वाली शेकोटीपाशी पायपाटावर बसली. तोंडातून अवाक्षर काढायचं नाही असं कबूल केल्यामुळे तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. पपा त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसले. शेजारी ग्रामोफोन, झाकण लावलेलं, त्यावर ब्रश. त्यालाही जणू आमची परीक्षा घ्यायला बोलावलं होतं.

पहिले दोन भाग बरे झाले. बरे म्हणजे मंडळींचे चेहरे बिघडले नाहीत. मग संथ भाग आला आणि माझी धून आली. मी श्वास घेतला, कदाचित ओर्नश्टाइनसारखाच मोठ्यानं, आणि खालच्या सुरावरून वर गेले. बोट सरकलं. मींड आली. फळीघरात यायची त्याहून मऊ आली, कारण आज घोडीवर चाप नव्हता आणि व्हिओला आपल्या स्वतःच्या गळ्यानं बोलत होती. तेवढ्यात मागच्या खोलीत सेवेरिन कण्हला. माझं दूध उतरलं, ब्लाउज ओला झाला, आणि वाजवताना वाद्य आणि हात छातीपुढे येतात याबद्दल मी देवाचे आभार मानले. धून मी डागमारला दिली. तिनं ती उचलून वर न्यायला घेतली. सगळ्या रचनेत याहून हळुवार जागा नाही.

आणि पोकोर्नीबाईंच्या पर्सचा खटका उघडला.

प्रोफेसर वेसेलींनी घसा खाकरला. भाग सुरू झाल्यापासून साठवून ठेवलेलं सगळं बाहेर काढल्यासारखा खाकरला. कुणी मांडी बदलली, कुणी नाक शिंकरलं, गोळीचा कागद चुरचुरला. सगळ्या दिवाणखान्यात एकदम बाजार भरला. मला क्षणभर वाटलं, आमचं काही चुकलं, कुणाची तार उतरली. मग पपा खुर्चीतून उठले.

ते उठले, ग्रामोफोनकडे वळले आणि त्यांनी सुई उचलायला हात पुढे केला.

तेव्हा मला कळलं. इथे मालेत्स्कींची तिसरी बाजू संपते. आधीच्या दोन बाजू भागाबरोबरच संपतात, ही मात्र अधेमधे. सुरावट वर चढता चढता इथे तुटते, आणि इतकी वर्षं या माणसांच्या कानांना इथे खोकायची सवय आहे. सुई उचलली की खोकायचं. आम्ही मात्र थांबलो नाही, कारण आम्ही तबकडी नव्हतो. पपांचा हात बंद झाकणावर तसाच राहिला. संगीत चालू असताना हलायचं नाही हा त्यांचाच नियम, त्यामुळे त्यांना खुर्चीकडे परतही येता येईना. लोरंची कमान हसू दाबताना थरथरत होती. रोमानानं मान खाली घातली होती. शेवटी पपांच्या हाताला काहीतरी करायला हवं होतं म्हणून त्यानं ब्रश उचलला. ब्रश वर गेला.

सगळा दिवाणखाना ताबडतोब गप्प झाला.

पुढचा सगळा भाग आम्ही त्या उचललेल्या ब्रशाखाली वाजवला. पपा पाठमोरे उभे होते आणि त्यांचे कान हळूहळू लाल होत गेले. त्या कानांची मला दया यायला हवी होती. थोडी आलीही.

*

केक कापला, कॉफी ओतली. पहिला घोट झाल्याशिवाय मत द्यायचं नाही ही आमच्याकडची सभ्यता आहे. घोट झाला.

"बाईसाहेब," प्रोफेसर डागमारला म्हणाले, "तुम्ही त्या थांब्यावरून थेट पुढे गेलात."

"कुठल्या थांब्यावरून?"

"संथ भागात. जिथे मालेत्स्की थांबतात. तो थांबा म्हणजे सगळ्या भागाचा प्राण आहे. तिथं माणूस एकदम खोल विहिरीच्या काठावर येऊन उभा राहतो. तुम्ही विहीर बुजवून टाकलीत."

डागमारनं कप खाली ठेवला. "तिथं थांबा नाही, प्रोफेसरसाहेब. कागदावर बघा हवं तर. तिथं तबकडी संपते."

मग पोकोर्नीबाई केकचा तुकडा काट्यावर घेत म्हणाल्या, "कारण काही का असेना. थांबा तिथंच शोभतो. हायडननं ऐकला असता तर त्यालाही पटलं असतं."

"त्याला कळवायला हवं होतं आधी," रोमाना म्हणाली.

मी तिच्या पायावर पाय दिला. अजून निकाल लागला नव्हता. मी पपांकडे बघत होते. जिवंत माणसं वाजवत असताना ते सुई उचलायला उठले होते, आणि ते सगळ्यांनी पाहिलं होतं. आज त्यांना तेवढं हसून सोडता आलं असतं तर हॉल आमचा होता. माझे वडील मायडलिंगच्या डेपोत ट्राम चालवतात. एकदा ते स्वतःच्याच लग्नाच्या वाढदिवसाला, आईला फिरवायला म्हणून शेजारी बसवून, सवयीनं ट्राम थेट डेपोत घेऊन गेले. ती गोष्ट ते अजून सांगतात आणि हसून हसून खोकतात. पण माझे वडील होफ्राट नाहीत.

"व्हिओलाबद्दल," पपा म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले, जणू व्हिओला आपोआप वाजली होती. "ती घसरगुंडी. त्या धुनीच्या तोंडी. ती आता कुणी घेत नाही. बाजारू वाटते. बागेतल्या बँडवाल्यांसारखी."

"पपा," मी म्हटलं, "ती ओर्नश्टाइनची आहे. तिसऱ्या बाजूवरची. जशीच्या तशी."

"ओर्नश्टाइनची गोष्ट निराळी."

"तीच मींड आहे."

"ओर्नश्टाइनना ती शोभत होती."

म्हणजे त्यांनी ओळखली नव्हती. कुणीच ओळखली नव्हती. चाळीस वर्षं डोळे मिटून ते काय ऐकत होते, देव जाणे. चरचर ऐकत असतील. खुर्चीची करकर ऐकत असतील. आपलं तरुणपण, आपला दिवाणखाना, आपली न खोकण्याची ऐट ऐकत असतील. व्हिओला ऐकत नव्हते.

मग पपांनी निकाल सांगितला. या हिवाळ्यात हॉल कुणालाच द्यायचा नाही असं मंडळाच्या मनात आहे. मृत्युपत्रात 'संगीत व्हावं' एवढंच लिहिलं आहे. कुणी वाजवावं असं लिहिलेलं नाही. तेव्हा मंडळ नवे मोठे स्पीकर आणेल आणि मालेत्स्कींच्या तबकड्या लावेल. लोकांनाही खरं काय ते ऐकायला मिळेल. मंचावर स्वरलेखनाचे कागद ठेवायचे चार स्टँड आणि चार खुर्च्या मांडायच्या. रिकाम्या. आदर म्हणून.

"खुर्च्या चांगल्या बघून आणा," डागमार उठत म्हणाली. "करकरणाऱ्या. नाहीतर लोकांना खरं वाटणार नाही."

"डागमार," रूपर्ट दारातून म्हणाला. सेवेरिन त्याच्या खांद्यावर होता. "पपांना तसं म्हणायचं नाहीये."

"मग त्यांना कसं म्हणायचंय?" मी विचारलं. रूपर्टनं बाळाच्या पाठीवर थोपटलं.

प्रोफेसर वेसेलींना वातावरण निवळायला हवं होतं. ते पोटाच्या रोग्याला धीर द्यावा अशा आवाजात म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका, मुलींनो. तुमचा दोष नाही. तसं वाजवणारी माणसंच आता उरली नाहीत. सगळे गेले. वेळ आली की सगळे जातात."

"गेले नाहीत, प्रोफेसरसाहेब," मी म्हटलं. "ओर्नश्टाइनना ज्यू म्हणून नेलं. याच गावातून. ते बघायला तेव्हा या दिवाणखान्याच्या खिडक्या उघड्या होत्या की बंद, ते मला ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक असेल."

तेव्हा कुणी खोकलं नाही. पपांनी डोळे मिटले. मी कॉफीचं भांडं हातात धरून उभी राहिले. त्यांनी डोळे उघडले तेव्हा मी तिथेच होते.

पोकोर्नीबाई म्हणाल्या, "हे काय रविवारी बोलायचं असतं?" आणि त्यांनी हातमोजे शोधायला घेतले.

मंडळी गेली. लोरं जिन्यात हसत आणि रडत होती. डागमारनं मला मिठी मारली. तिला माझ्या ब्लाउजचा ओलेपणा लागला, तरी तिनं मिठी सोडली नाही. रोमानानं चेलो पेटीत ठेवला आणि पेटीचे पट्टे एकेक करून आवळले, सेवेरिनला टोपलीत ठेवताना मी त्याची दुपटी नीट करते तसे.

"ग्राझमध्ये लोक कसे आहेत गं?" तिनं विचारलं.

"माझी मावशी आहे तिथं. म्हणते, बरे आहेत. नाटक बघताना खातात."

"बघताना खातात म्हणजे जिवंत आहेत," रोमाना म्हणाली. तिनं पेटी पाठीवर घेतली. "उद्या त्यांना हो कळवते." दारात तिला पेटीसकट वळता येईना, म्हणून मी मागून ढकललं. असं ढकलून मी माझी चौकडी घराबाहेर काढली.

स्वयंपाकघरात वाली स्टुलावर उभी राहून माझ्याबरोबर बशा पुसत होती. बोलायची बंदी उठली हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "आता बोल, राजा." पण तिनं आधी हातातली बशी पुसून संपवली. मी तिच्या केसांत नाक खुपसलं. केक आणि शेकोटीच्या धुराचा वास येत होता. मला त्या वासात तसंच राहावंसं वाटलं.

भिंतीपलीकडे दिवाणखान्यात चरचर सुरू झाली. पपा एकटे होते. तव्यावर पाण्याचे थेंब पडत राहिले, खुर्ची करकरली, कुणीतरी श्वास घेतला, आणि मग ती मींड आली. मी हातातली बशी पाण्यात सोडली. इतकं सगळं झाल्यावरही ती तेवढीच सुंदर होती. मला राग आला तो त्याचाच.

"आई, हे तूच वाजवतेस ना?" वाली म्हणाली.

"नाही गं. मी इथं आहे. ते ओर्नश्टाइन म्हणून होते, ते वाजवतायत."

"ते सगळे गेले त्यातले?"

"हो. ते आता नाहीत."

पलीकडे सुरावट चढत चढत गेली आणि तुटली. खुर्ची सरकली. पपा तबकडी उलटायला उठले असणार. वालीनं फडकं खांद्यावर टाकलं, मी टाकते तसं, आणि माझ्याकडे बघितलं.

"आई, तू मेलीस की मग आजोबा तुझंही ऐकतील?"